नोंदवहीतल्या बायका

आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात महिला खुर्चीवर बसतात आणि बायका सतरंजीवर. हे कुणी ठरवलेलं नाही, पण कधी चुकत नाही. एकतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. स्त्री, महिला, नारी, वनिता हे समानार्थी शब्द म्हणून फळ्यावर लिहून पोरांकडून घोकून घेतले, शब्दामागे अर्धा गुणही दिला. समानार्थी कसले, जळ्ळं मेलं ते! भातलावणीला बाया मिळत नाहीत, ही ओरड दर आषाढात पोशीरपासून कडावपर्यंत ऐकू येते. लावणीला महिला मिळत नाहीत, असं एकाही शेतकऱ्याच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. धुण्याभांड्याला बाई येते, उद्घाटनाला महिला येतात. आणि स्त्री फक्त भाषणात असते, तिची माझी गाठ अजून पडायची आहे.

हे सगळं मला कळत होतं. वर्गात गंमत म्हणून सांगतही होते. तरी हातून जे व्हायचं ते झालं, आणि त्याची लाज काही जात नाही.

निवृत्त झाल्यावर मी कर्जतच्या एका महिला मंडळाची चिटणीस झाले. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही लहान मुलांच्या आहाराचं प्रशिक्षण ठेवलं, बारा शनिवारांचं. गावातल्या वीसेक जणी होत्या, आणि कोंडाण्याच्या वरच्या अंगाच्या ठाकरवाडीतून काही जणी चालत यायच्या. हजेरीची वही माझ्याकडे. गावातलीनं यायचं आणि आपल्या नावापुढे सही करायची. कुणाला सौ., कुणाला श्रीमती, हे मी आदल्या दिवशीच सुवाच्य अक्षरात घालून ठेवलेलं असायचं. त्यात माझा हात धरणारं कुणी नाही. वाडीवरच्यांसाठी पानाच्या तळाशी एकच ओळ होती: वाडीच्या बायका – ९.

कुणी विचारलं तर मी सांगायचे, त्यांना कुठे सही येते? मी त्यांना विचारलं होतं का? नाही. अंगठे घ्यायचे तर शाईचा पॅड आणावा लागला असता, आणि टेबलावर माझ्या हातचं भरतकाम असलेला पांढरा कपडा होता. त्याला डाग पडू नये, एवढंच माझ्या मनात होतं. पहिल्या शनिवारी मी त्या नऊ मोजल्या. पुढे मोजायचे कष्टही घेतले नाहीत, नुसतं नऊ लिहीत गेले.

गेल्या वर्षी एका दुपारी त्यांतली एक माझ्या दाराशी आली. तिशीची असेल. आत ये म्हटलं तरी ओट्यावरच उभी राहिली. कडावच्या एका संस्थेला तीन वाड्यांवरच्या बालवाड्या बघायला ताई हवी होती. ताई हे त्या नोकरीचंच नाव, पगार दरमहा, आणि काम वाडीच्याच आसपास. आमचं प्रशिक्षण झाल्यापासून ही आपल्या अंगणात वाडीची पोरं गोळा करून त्यांना नाचणीची पेज करून घालत होती, तीही कुणी न सांगता. ताईची जागा मिळाली नाही तर दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जावं लागणार होतं, आणि लेकीची शाळा सुटणार होती. अर्जाला प्रशिक्षणाचा पुरावा लागत होता. नोंदवहीच्या पानांची झेरॉक्स चालेल, असं तिला सांगितलं होतं.

मी वही आणून उघडली. तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि वाचायला लागली. ती आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली होती, हे मला तेव्हा कळलं. बोट खाली खाली नेत ती तळाच्या ओळीशी थांबली. मग दुसरं पान, तिसरं पान.

"ह्यातली मी कुठली, बाई?"

मला राग आला. चूक पकडली गेली की मला आधी रागच येतो, ही माझी जुनी खोड. तिला म्हटलं, झेरॉक्स कशाला हवी, उद्या मीच येते तुझ्याबरोबर कडावला, माझा शब्द पुरे. आणि मग विचारावं लागलं, तुझं नाव काय गं? बारा शनिवार झाल्यावर, तीन वर्षांनी. तिनं नाव, बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं सावकाश सांगितलं. मधेच थांबून मी ते कागदावर उतरवतेय ना, हे बघितलं.

दुसऱ्या दिवशी कडावच्या ऑफिसात गेलो तर आमच्या अध्यक्षबाईंची सून आधीच पंख्याखाली बसलेली. तिचाही अर्ज होता. ह्याची मला कल्पना नव्हती, हे मात्र खरं सांगते. टेबलामागच्या मॅडम तरुण होत्या आणि स्वभावाने सरळ वाटल्या. त्यांनी माझी वही चाळली. रोज नऊच? असं विचारलं. लावणीच्या शनिवारीसुद्धा? त्या दिवसांत वाडीवरची एकही बाई रोजावर गेली नाही? माझा शब्द पुरे म्हणून आले होते आणि तो शब्द वहीनंच खोटा पाडला. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ना, तशी गत.

तेव्हा वाडीवरची तीच पुढे होऊन म्हणाली की मी अकरा येळा आले, एकदा लेकीला ताप होता म्हणून नाय आले. बारा म्हणाली असती तरी तिला कोण अडवणार होतं? काय काय शिकवलं तेही ती सांगायला लागली, मीठ-साखरेच्या पाण्यापासून. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. पण वर पाठवायला कागद लागतो, असं म्हणाल्या.

मग त्यांनी त्याच वहीत सुनेच्या सह्या शोधल्या. बाराच्या बारा सह्या होत्या. ती सून दोन शनिवार आली होती. उरलेल्या दहा सह्या तिनं शेवटच्या दिवशी एका बैठकीत केल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, घे गं करून, आणि वही तिच्यापुढे सरकवली ती मीच.

मॅडमनी मला विचारलं, "ह्यांची हजेरी बरोबर आहे ना? तुम्ही शिक्षिका आहात, तुम्ही म्हणाल तसं मी लिहिते."

अध्यक्षबाईंचं घर माझ्या घराला लागून. चाळीस वर्षं भिंतीवरून वाट्यांची देवाणघेवाण. त्यांची सून समोर बसून माझ्याकडे बघत होती. वाडीवरची ती माझ्या बाजूला उभी होती, पण तिच्याकडे मी बघितलं नाही. मी म्हटलं, "हो, बरोबर आहे."

नोकरी सुनेला लागली, हे सांगायला नकोच.

बाहेर रस्त्याला येऊन आम्ही टमटमची वाट बघत उभ्या राहिलो. तिनं कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली. मला काहीतरी बोलायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं. त्याआधी तीच बोलली.

"ती दोनदाच आलती. तुमाला ठावं होतं ना?"

"हो."

"मला वाटलं, तुमी इसरल्या असाल."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. दोन कडक शब्द ऐकून घेतले असते आणि घरी जाऊन जेवले असते. पण माझ्यासाठी तिनं मनातल्या मनात सबबसुद्धा शोधून ठेवली होती, आणि ती मी माझ्याच तोंडानं मोडली.

टमटम आली. भरलेली होती, पुढे चालकाशेजारी एक जागा आणि मागे कशीबशी एक. चालकानं आम्हा दोघींकडे एकदा बघितलं. मला म्हणाला, मॅडम, तुम्ही पुढे बसा. तिला म्हणाला, ए बाई, चल, तू मागं दाटीवाटीनं बस.

मी पुढे बसले.