मॉनिटरची दोन वेळची दाढी

मॉनिटरच्या मुलीचं पत्र आलं आहे. बाबा गेले, तुम्ही त्यांना रोज भेटत होतात, काही आठवत असेल तर लिहून पाठवाल का, असं ती विचारते. आठ दिवस झाले, मी कागद पुढ्यात घेऊन बसतो आणि उठतो. खरं सांगायचं तर मला त्याच्याबद्दल फार थोडं माहीत आहे. त्याचं आडनावसुद्धा या पत्रावरून कळलं. माझ्या ओळखीचा होता तो त्याचा चेहरा, तोही नाकाखालचा. गळ्यावर डाव्या बाजूला केसांचा एक भोवरा होता, तिथे वस्तरा खालून वर न्यावा लागे. हनुवटीखाली लहानपणी पडल्याची खूण होती. एवढं मी डोळे मिटून सांगेन.

चित्रीकरणाच्या आवारात, फाटकाला लागून माझी दोन खुर्च्यांची खोली होती. न्हावी म्हणजे बडबड्या, असा लोकांचा समज. मी पहिल्यापासून मुखदुर्बळ. गिऱ्हाईक बोललं तर ‘हं’ म्हणायचं, नाही तर आपलं काम बरं. म्हणूनच बहुधा तो माझ्याकडे टिकला.

शाळेवरची ती मालिका सुरू झाली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, आणि त्याला मिळाला नववीचा मॉनिटर. चण लहान, खांदे अरुंद, आवाज कोवळा. निर्मात्याने बातमीदारांना त्याचं वय सतरा सांगून टाकलं. वर्गातली बाकीची मंडळीही तसलीच. दोन वेण्या घालून पहिल्या बाकावर बसणारीचं तर दुसरं लग्न झालेलं होतं. खरी मुलं घेतली की ती भराभर वाढतात, त्यांच्या परीक्षा येतात, सोबत आया येतात, त्यापेक्षा मोठी माणसं परवडली, असं निर्मात्याचं म्हणणं. सुतारांनी बाकं, टेबल, अगदी दप्तरंसुद्धा मापापेक्षा मोठी केली होती, म्हणजे त्यांच्याजवळ बसलेली माणसं लहान दिसावीत. एकदा गर्दी दाखवायला खरी शाळकरी मुलं आणली, तर बाकावर बसल्यावर त्यांचे पाय जमिनीला टेकेनात. दिग्दर्शकाने त्यांना मागच्या रांगेत दडवलं.

दाढीचं मात्र सुतारांना काही करता येण्यासारखं नव्हतं. सकाळी साडेसहाला घोटून केलेली त्याची दाढी दुपारी दोनला दिव्यांखाली निळी दिसायला लागे. म्हणून दिवसातून दोनदा, नऊ वर्षं. तेवढ्या काळात वर्ग नववीतून दहावीत गेला, बस्स. एवढ्या वेळा गटांगळ्या खाल्लेला मॉनिटर जगात दुसरा नसेल, असं तोच म्हणायचा, ओठ न हलवता, कारण वर वस्तरा असे. आवारात चहावाल्यापासून दिग्दर्शकापर्यंत सगळे त्याला ‘ए मॉनिटर’ म्हणत. मी एकटा अहो-जाहो करायचो. माझ्या बोटांना त्याचं वय कळत होतं.

त्याच्या करारात एक कलम होतं. दाढी-मिशी ठेवायची नाही, हे तर झालंच, पण बायको-मुलांबरोबर चारचौघांत दिसायचंही नाही. मालिका सुरू झाल्यावर वर्षभरात त्याला मुलगी झाली. गालाला फेस फासलेला असतानाच त्याने मला ते सांगितलं आणि कुणाजवळ बोलू नका म्हणाला. मी कुणाजवळ बोलणार?

मुलगी बोलायला लागली तसं त्याने तिला शिकवलं, घरात बाबा, उंबऱ्याबाहेर दादा. बागेत, दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे दादा. पोरगी हुशार, एकदाही चुकली नाही. हे तो आधी कौतुकाने सांगायचा, पुढे नुसतंच सांगायचा, आणि मग सांगेनासा झाला. फिरायला निघाले की मायलेकी पुढे आणि हा पन्नास पावलं मागे. एकदा घरी तिने त्याला विचारलं, “बाबा, तुझी शाळा कधी सुटणार?” हे मला सांगताना त्याचा गाल हलला, म्हणून मी वस्तरा उचलला.

मुलगी खऱ्या शाळेत जायला लागली. पालकसभेला दर वेळी आई जायची. दुसरीत असताना मुलीने हट्ट धरला, बाकीच्यांचे बाबा येतात, या खेपेला तू ये. त्याने शब्द दिला. कराराचं काय, असं मी विचारलं नाही. नेमकं चार दिवस चित्रीकरण बंद होतं. चार दिवस त्याने गालाला पातं लावू दिलं नाही आणि सभेच्या दिवशी सकाळी येऊन खुर्चीत बसला.

“काका, यातून एखादा बाप निघतोय का बघा.”

चार दिवसांच्या खुंटातून निघणार किती? मी ओठावरचं ठेवून बाकी साफ केलं, कडा कोरल्या. कल्ल्यात दोन पांढरे केस होते, एरवी मी ते उपटायचो, त्या दिवशी राहू दिले. आरशात बघून तो म्हणाला, “बापाची मिशी चोरून लावल्यासारखी दिसतेय.” पण हसत गेला. लांब बाह्यांचा सदरा होता अंगात, कडक इस्त्रीचा.

दुपारी दीडला परत आला. काय झालं ते त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. पालकांना मुलांच्याच बाकांवर बसवलं होतं. याला मोठ्या बाकांची सवय, गुडघे आत जाईनात, म्हणून पाय बाहेर टाकून आडवा बसला. पोरांनी ओळखलंच. ‘मॉनिटर, मॉनिटर’ करत गराडा पडला. बाईंनी कौतुकाने वहीवर सही घेतली आणि मुलीला विचारलं, दादाला घेऊन आलीस होय, मग बाबा का नाही आले? मुलीने त्याच्याकडे पाहिलं. घराबाहेर काय बोलायचं ते तिला पाठ होतं.

ती म्हणाली, “बाबा कामावर गेलेत.”

“मी बोलायला हवं होतं, काका,” तो मला म्हणाला. “सगळे बघत होते. मी नुसता उभा राहिलो. सात वर्षांची पोर मला सांभाळून घेत होती.” मग डोळे मिटून म्हणाला, “काढा.”

मी फेस लावला. अशा वेळी धीराचे दोन शब्द बोलणारी माणसं असतात. मी तुरटी जरा जास्त वेळ फिरवली, एवढंच.

वर्षभराने मालिका संपली. पस्तिसाव्या वर्षी तो दहावी पास झाला. त्यानंतर त्याला काम मिळेना. बापाच्या भूमिकेसाठी गेला की पोरगेला वाटतो म्हणत, आणि पोराच्या भूमिकेसाठी त्याला कुणी दारात उभं करेना. शेवटी दुसऱ्या गावी मेव्हण्याच्या छापखान्यात जायचं ठरलं. जाण्याआधी तो माझ्याकडे आला तेव्हा ओठावर वीस दिवसांची मिशी होती आणि बरोबर मुलगी होती, पहिल्यांदाच. ती आत आली नाही, पायरीवर उभी राहिली. मी मिशी कोरत होतो, पण कान दाराकडे. आता कलम नव्हतं, करार नव्हता. ती काय हाक मारते? तोही तेच ऐकत होता. मान ताठ झाली होती, भोवऱ्यापाशी शीर उडत होती.

“झालं का?” ती बाहेरून म्हणाली. बाबा नाही, दादा नाही.

“झालं, आलोच,” तो म्हणाला.

तिचं पत्र दीड पानाचं आहे. त्यात बाबा हा शब्द अकरा वेळा आलाय. मी मोजलं. त्याला खुर्चीत बसवून, गालाला फेस लावून ते वाचून दाखवायला मला आवडलं असतं.

त्या दिवशी दारापर्यंत जाऊन तो वळला आणि ओठावरून बोट फिरवत त्याने विचारलं, “नीट भरायला अजून किती दिवस लागतील, काका?”

“महिनाभर तरी.”

“मग महिन्याने येतो. कोरून द्या.”

“या,” मी म्हटलं.