रविवारचा मसाला

दर रविवारी साडेअकराच्या सुमाराला खुर्शिद स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडायची. तव्यावर कांदा आणि सुकं खोबरं भाजायची, लवंग-दालचिनीचे दोन तुकडे टाकायची, आलं-लसणाचं वाटण पळीभर तेलात परतायची. शिरूरच्या त्या अरुंद आळीत वास पसरायला वारा लागत नाही. समोरच्या ओट्यावरचं कुणीतरी नाक वर करून म्हणायचंच, "सुभानशेठकडं आज मटन दिसतंय." एवढं कानावर पडलं की खुर्शिद त्या मसाल्यात बटाटे सोडायची आणि खिडकी लावून घ्यायची. कधी बटाटे, कधी मसूर, महिनाअखेर असली तर नुसता पाण्याचा रस्सा. त्या घरात खरं मटण शिजल्याला पावणेदोन वर्षं झाली होती.

हसू येईल, येऊ द्या. पण त्याआधी त्या घराची माडी बघा.

माडीचं खूळ सुभानच्या डोक्यात रांजणगावला शिरलं. तो तिथल्या एका कंपनीत पॅकिंगला होता. लाइनवर बाहेरगावची पोरं, खोली मिळत नाही म्हणून एकेका खोलीत आठ-आठ जण झोपणारी. सुभाननं हिशेब मांडला, वर दोन खोल्या काढायच्या, भाड्यात हप्ता सुटेल. गावठाणातल्या जागेचे कागद धड नसल्यामुळं बँक घरासाठी कर्ज देईना. मग पगाराच्या स्लिपवर पर्सनल लोन काढलं. ते पुरलं नाही म्हणून एका फायनान्सचं काढलं. आणि तिसरं मोबाइलवरचं, ज्याचं नाव घरात अजून कुणी घेत नाही. स्लॅब पडला, भिंती उभ्या राहिल्या, आणि दारं-खिडक्या बसायच्या आत कंपनीनं ओव्हरटाइम बंद केला. भाडेकरू काही उघड्या भिंतींत येत नाहीत.

रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र घर दुमजली दिसायचं. आळीनं सुभानला शेठ करून टाकलं ते तेव्हापासून, आधी तो साधा सुभान्या होता. कर्ज असं घराच्या डोक्यावर उभं होतं आणि लोक त्यालाच बरकत समजत होते. माणसं तरी काय, वरचं बघतात.

पहिला हप्ता थकला त्या दिवशी खुर्शिद नवऱ्याला म्हणाली, "फेडू. पोटाला चिमटा घेऊ, पन फेडू. फकस्त आळीत कळता कामा न्हाई. कुनी माजी कीव केलेली मला सोसायची न्हाई."

सुभाननं मान हलवली. ती असं का म्हणते ते त्याला माहीत होतं. खुर्शिदचं माहेर दौंडचं. ती सात वर्षांची असताना बाप गेला, आणि पुढची सहा वर्षं बकरी ईदला आई तिच्या हातात पिशवी देऊन मोठ्या घरांच्या दारात उभी करायची. कुर्बानीच्या गोश्ताचे तीन हिस्से होतात, एक घराचा, एक नात्यागोत्याचा, एक गरिबांचा. त्या तिसऱ्या हिश्श्याच्या रांगेत एकदा दार उघडलं ते तिच्याच वर्गातल्या मुलीनं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. त्या मुलीनं पिशवी भरून दिली, जरा जास्तच भरून दिली. त्यानंतर खुर्शिद शाळेत शेवटच्या बाकावर बसायला लागली.

म्हणून मग काटकसर सुरू झाली ती दार लावून. गॅसची टाकी पाहुण्यांपुरती आणि रविवारच्या मसाल्यापुरती. रोजचं जेवण वरच्या अर्धवट खोलीत तीन विटांच्या चुलीवर, उरलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या फोडून. दूध पाव लिटर, तेही कुणी आलं तर म्हणून, घरच्यांना कोरा चहा. सुभानची गाडी टायरचं निमित्त करून कापडाखाली गेली आणि तो कंपनीच्या बसनं जाऊ लागला. दहावीतल्या लेकीनं, शिरीननं, दोन वर्षं एकच दप्तर शिवून शिवून वापरलं. दुधाची, किराण्याची, कसलीही प्लास्टिकची पिशवी घरात आली की खुर्शिद ती उलटी करून धुवायची आणि मोरीवरच्या दोरीला चिमट्यानं लावायची. तिचा हात आपोआप चालायचा, डोक्याला विचारतही नव्हता.

आठवडे बाजाराला ती दिवस कलताना जायची, भाजीवाल्या उरलेलं मोकळं करतात तेव्हा. सोजराबाई तिची ठरलेली भाजीवाली, तोंडाची फटकळ. एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाली, "येवढी माडीवाली बया, आन् मेथीच्या पेंडीला घासाघीस करती व्हय!" खुर्शिद हसून म्हणाली, "माडी अशीच घासाघीस करून हुती, मावशे." सोजराबाईला ते पटलं. खुर्शिदला घरी येईपर्यंत घाम फुटलेला होता.

यानं फरक पडला नाही असं नाही. मोबाइलवरचं ते भूत वर्षात उतरलं. फायनान्सचं दिवाळीपर्यंत संपणार होतं. उरलं बँकेचं. सगळं निभावता येत होतं, फक्त ईद निभावता येत नव्हती.

गेल्या बकरी ईदला ती सगळ्यांना घेऊन दौंडला बहिणीकडं गेली आणि आळीत सांगितलं, औंदा कुर्बानी तिकडं. यंदा बहीणच सासरच्यांकडं सोलापूरला निघाली. मग खुर्शिदनं नवं सांगितलं, "आमी पैसे बाहेर धाडले. लांबच्या गावात गरिबांसाठी कुर्बानी करत्यात ना, तिथं." बायकांनी माशाअल्ला म्हटलं. तिला आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं. कर्जात बुडालेल्यावर कुर्बानी बंधनकारक नाही, हे मौलानांनी बयानात सांगितलेलं तिनं स्वतः ऐकलं होतं. अल्लानं सूट दिली होती. आळीकडं सूट मागायची तिची छाती होत नव्हती, आणि म्हणून ती ऐन ईदेत खोटं बोलत होती.

ईदच्या दिवशी सुभान नमाज पढून आला, शिरखुर्म्याऐवजी शेवयांची पातळ खीर प्याला आणि कंपनीत गेला. ओव्हरटाइम बंद असला तरी सुट्टीच्या दिवशी डबल हजेरी मिळते. खुर्शिद आतल्या खोलीत बसून राहिली. बाहेर सुऱ्या घासल्याचे, पोरांच्या पळापळीचे आवाज येत होते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आळीतली निम्मी वाटणी तिच्या ओट्यावर व्हायची. तीन घमेली, मध्ये ती, बाह्या वर सारलेल्या. शेजारच्या राहिलची बायको मेहक चार वर्षांपूर्वी कुरकुंभहून लग्न होऊन आली, तेव्हा तिला हे काम खुर्शिदनंच शिकवलं.

"नात्यातल्यांचा हिस्सा डब्यात," तिनं सांगितलं होतं. "डबा रिकामा परत करत न्हाईत. लोक त्यात शेवया घालत्यात, गूळ घालत्यात, कायबी. ज्याला परत काय घालनं जमनार न्हाई, त्याला डबा द्यायचा न्हाई. त्याला पिशवी. पिशवी परत मागत न्हाईत. आन् आपन त्याच्या दारात जायचं, त्याला आपल्या दारात उभं करायचं न्हाई."

मेहकनं तेव्हा शहाण्या पोरीसारखी मान डोलावली होती.

दुपारी चारच्या सुमाराला दार वाजलं. मेहक होती, ओढणी नीट अंगभर घेतलेली. तिनं मागं वळून आळीत बघितलं, मग आत येऊन दार ढकललं आणि ओढणीखालून हात बाहेर काढला. हातात काळी पिशवी होती.

"चाची, हे."

खुर्शिदचा हात पुढं झाला नाही. "डबा घावला न्हाई व्हय गं तुला?"

मेहकचा चेहरा उतरला. "डबा काढला व्हता, चाची. भरला बी व्हता. मग परत वतला. डबा दिला तर तुमाला त्यात कायतरी घालून द्यावं लागलं असतं. तुमीच शिकवलंय."

"कुनी काय सांगितलं तुला?" खुर्शिदचा आवाज चिरकला. "आमची कुर्बानी बाहेर हाय. पैसे धाडलेत आमी."

"कुनी न्हाई सांगितलं."

"मग?"

मेहक अगदी हळू म्हणाली, "मांजर."

"काय मांजर?"

"दर रविवारी वास तुमच्याकडनं येतो, आन् आळीतलं मांजर हाडकांसाठी येऊन आमच्या दारात बसतं. तुमच्या दाराकडं ढुंकून बघत न्हाई. पयल्यांदा मला वाटलं, तुमी हाकलत असाल. मग वर्षभर बघितलं." तिचे डोळे भरून आले. "मी कुनाला बोलले न्हाई, चाची. राहिलला बी न्हाई. कसम."

माणसाच्या नाकाला फसवलं, मांजराला विसरली. खुर्शिदला हसावं की पोरीच्या मुस्काटात ठेवून द्यावी ते कळेना. तिला वाटलं, पिशवी हिच्या अंगावर फेकावी. तेवढ्यात आतून शिरीन आली, पिशवी बघितली आणि तिचं तोंड असं उजळलं की खुर्शिदनं मुकाट हात पुढं केला. पिशवी जड होती. ती जरा जास्तच भरलेली होती. मेहक आली तशी ओढणी सावरत निघून गेली.

खुर्शिदनं त्या दिवशी गॅस पेटवला. मसाला नेहमीच्या हातानं भाजला. कांद्याचा वास सुटला तशी ती उठली आणि खिडकी लावून घेतली.

"अम्मी, उघड की!" शिरीन म्हणाली. "आज तर खरंच मटन हाय. जाऊ दे की वास लोकांना."

"धूर हुतोय का तुला? न्हाई ना? मग गप बस," खुर्शिद म्हणाली. बंद खिडकीच्या कोंडमाऱ्यात ती पातेल्यापाशी उभी राहिली आणि आवाज न करता भरपूर रडली. पोरीनं पाहिलं, पण कांद्याचं म्हणून सोडून दिलं, किंवा तसं दाखवलं.

सुभान दिवेलागणीला आला. दारातच थबकला. ताट पुढं आलं तेव्हा त्यानं घास घेण्याआधी विचारलं, "कुनाकडनं?"

"मेहकनं आनलं."

"डब्यात?"

आळीतल्या रीती त्यालाही पाठ होत्या. खुर्शिदनं डोळे वर केले नाहीत. "व्हय तर. डब्यात. नात्यातला हिस्सा दिला पोरीनं."

सुभानचे खांदे सैल झाले. "मग हाय आजून मान," तो म्हणाला, आणि असा जेवला की बघणाऱ्याचं पोट भरावं. हाड चोखून चोखून पांढरं केलं. शिरीनला दोनदा म्हणाला, "घे, तुज्या अम्मीच्या हाताला चव हाय." किती तरी दिवसांनी तो जेवताना बोलला. खुर्शिदला वाटलं, एवढ्यासाठी शंभर वेळा खोटं बोलावं लागलं तरी बोलेन.

तो हात धुवायला मोरीत गेला. नळ सुरू झाला आणि सुरूच राहिला.

या घरात पाणी असं वाहत नाही. "नळ बंद करा," असं म्हणायला खुर्शिदनं तोंड उघडलं आणि तिला आठवलं. मोरीवरच्या दोरीला, दुधाच्या दोन पिशव्यांच्या मध्ये, ती काळी पिशवी उलटी करून लावलेली होती. तिनंच धुतली होती. कधी धुतली, कधी चिमटा लावला, काही आठवत नव्हतं. अजून तिच्यातून थेंब गळत होते.

नळ बंद झाला. सुभान बाहेर आला. त्यानं खुर्शिदकडं बघितलं नाही. खाली वाकून ताटातली हाडं एका ताटलीत गोळा केली, पुढचं दार उघडलं आणि ताटली उंबऱ्याबाहेर ठेवली. समोरच्या ओट्यावर माणसं बसलेली होती. तो तिथंच, दारात, टेकून बसला. थोड्या वेळानं मांजर आलं. आधी लांबून अंदाज घेतला, मग ताटलीत तोंड घातलं.

"डबा कवा परत द्यायचाय?" सुभाननं तिकडंच बघत विचारलं.

खुर्शिदला कळलं, त्याला कळलंय. आणि तिला कळलंय हेही त्याला कळलं. आत शिरीन भांडी गोळा करत होती.

"पुढच्या ईदला," ती म्हणाली. "भरून देऊ."

"व्हय," सुभान म्हणाला. "भरूनच द्यायचा."

खुर्शिद मोरीत गेली. पिशवी दोरीवरून काढली, पदरानं कोरडी केली, घडी घातली. बाकीच्या पिशव्या दारामागच्या खिळ्याला अडकवलेल्या असत. ही तिनं वरच्या फळीवर ठेवली, स्टीलच्या डब्यांच्या रांगेत.