ओथाच्या तोंडचा साहेब

आमच्या चर्चच्या नाटकात गोऱ्या साहेबाचं काम कोण करणार, हा दरवर्षीचा घोळ. शिकागोच्या आमच्या काळ्या वस्तीत गोरा आणायचा कुठून? मग ते ओथा पेटवेच्या गळ्यात पडलं. खाटीकखान्यात मांस कापणारा भला माणूस, पण रंगाने उजळ. तोंडाला मैदा फासला की झाला साहेब!

ओथाने हो म्हटलं, त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी त्याने गोऱ्यांच्या गल्लीत घर घेतलं होतं. एकोणीस दिवसांत त्याच्या बायकोने, लुव्हेनियाने, गाशा गुंडाळायला लावला. ओथा कामावर असताना गल्लीतला एक साहेब दारात येऊन काहीतरी बोलून गेला, एवढंच त्याला ठाऊक. काय बोलला, ते तिने आजतागायत सांगितलं नव्हतं. आता त्याच भागात पुन्हा घर मिळत होतं, सोमवारी दोघांच्या सह्या हव्या होत्या, आणि ही बया हो म्हणेना. साहेबाची टर उडवली की हसेल, भीती जाईल, असा ओथाचा बेत.

तालमीत सगळे पोट धरधरून हसले.

"अरे, जरा कमी गोरा हो, नाहीतर आमच्याकडून भाडं मागशील!" चर्चचा कारभार बघणारा डीकन सायलस म्हणाला.

रविवारी दुपारी हॉल खच्चून भरला. लुव्हेनिया पहिल्या रांगेत. नाटकातल्या घराच्या दारात ओथाने टोपी काढली आणि पाठ केलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. निघालं भलतंच. आवाजही त्याचा नव्हता; मऊ होता, गोड होता.

"बाई, तुमचे निळे पडदे फार छान आहेत हो. आधी पडदेच पेटतात. मागच्या खोलीत लेक निजते ना तुमची?"

कुणी हसलं नाही. हे शब्द नाटकात नव्हते, ओथाने कधी ऐकलेही नव्हते.

प्रवेश संपताच तो धावत तिच्याकडे आला.

"हेच बोलला होता तो?"

"शब्दन् शब्द." ती त्याच्याकडे बघेना. "तुला सांगितलं असतं तर सुरा घेऊन गेला असतास. म्हणून गिळून बसले."

त्याने तोंडावरचा मैदा खसाखसा पुसला. "हे बघ, मीच आहे. दाराला दोन कड्या लावू. उद्या चल."

"कड्या लावून काय करू, ओथा? तो बाहेर राहिलाय कुठे?" ती म्हणाली. "मी सही करणार नाही. तुझ्याबरोबर तोही राहायला येईल."

ओथाला खूप बोलायचं होतं. पण कुणाचा आवाज निघेल या धास्तीने त्याने तोंडच उघडलं नाही.