कुडाची आतली बाजू

वैशाखात वादळ आलं तेव्हा मी चोपड्याच्या बाजारात टोपल्या विकत बसलो होतो. संध्याकाळी पाड्यावर परत आलो, तर माझ्या घराच्या जागी नुसत्या मेढी, म्हणजे लाकडी खांब, उभ्या. कुडाच्या भिंती पार झोपल्या होत्या. पत्रे ओढ्यापलीकडे गेले होते, आणि त्यातला एक शेजाऱ्याच्या बैलगाडीवर असा नीट बसला होता की शेजारी मला म्हणाला, "राहू दे आता, गाडीला छप्पर पाहिजेच होतं."

सातपुड्याच्या पायथ्याला आमची सगळी घरं कुडाची. मेढींच्या मध्ये बांबूच्या कामट्या विणायच्या आणि वरून शेणमातीनं लिंपायचं. विणणारे पूर्वी घरोघर होते. आता माणसं मजुरीला गुजरातेत जातात, आणि पाड्यावर विणणारा म्हणजे मी एकटा. त्यामुळे वादळानंतर मला जी किंमत आली ती नवरदेवालाही येत नाही. सकाळी उठून अंगणात उभं राहिलं की तीन घरांतून चहा.

धुळ्याहून मुलीचा फोन आला. ती तिकडे दिलेली, आणि माझी बायको गेल्या थंडीत गेल्यापासून एकच गोष्ट घोकणारी. ती म्हणाली, "आबा, पाऊस लागायच्या आत भिंती उभ्या झाल्या नाहीत, तर तुम्ही माझ्याकडे यायचं. कायमचं."

"आणि झाल्या तर?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"कबूल," मी म्हणालो, आणि फोन ठेवून शेजाऱ्याच्या घराचं काम धरलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. कूड एकट्यानं विणला जात नाही. एक माणूस आत बसतो, एक बाहेर. कामटीचं टोक बाहेरच्यानं आत सारायचं, आतल्यानं ओढून मेढीला वळसा द्यायचा आणि परत बाहेर काढायचं. आतला माणूस त्याच घरातला पाहिजे, ही आमच्याकडची रीत. बाहेरचा कोणी आत बसून विणू लागला, तर त्या घरात आता माणूस उरलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय दाराच्या जागेशी आलं की आतला माणूस ओरडतो, "दार". मग बाहेरच्यानं थांबायचं आणि कामटी मागं वळवायची. आतल्यालाच बाहेर पडायचं असतं, म्हणून दाराची आठवण त्यालाच.

माझ्या घरी आत बायको असायची. जन्मभर मी बाहेरचा.

तर महिनाभर मी लोकांच्या भिंती विणल्या, आणि भिंतीतून काय काय ऐकलं ते सगळं सांगितलं तर पाडा मला हाकलून देईल. एका घरात नवराबायकोचं बोलणं बंद होतं. ती आत विणत होती, नवरा बाहेर माझ्या पाठीशी कामट्या तासत होता, आणि दोघांचं टपाल मी. "त्यांना सांगा, तंबाखू संपली शे." मी मागं वळून सांगायचो, "तंबाखू संपली शे." तो म्हणायचा, "तिला सांगा, मी काय बहिरा शे का?" दुपारपर्यंत मी निरोप थोडे थोडे बदलायला लागलो. तो बोलला नव्हता अशी दोन-चार गोड वाक्यं आत गेली. आतून एक कामटी इतक्या जोरात बाहेर आली की माझा कानच जायचा. पण संध्याकाळी दोघं एका ताटात जेवली.

एका घरी आत म्हातारे नाना बसले होते. दर दोन कामट्यांनी फटीतून हात बाहेर यायचा, मी त्यावर विडी ठेवायची. दिवस असे भर्रकन जात. तिकडे पश्चिमेला ढग जमायला लागले, तरी माझ्या मेढी उघड्याच. मी पत्रे तेवढे परत चढवले आणि त्याखाली चहूबाजूंनी वारा खात झोपत राहिलो.

शेजारची अक्का एकदा हळूच म्हणाली, "भाऊ, तुमच्या भिंतीला मी बसू का आत?"

मी म्हणालो, "अक्का, तुमचा नवरा माझा पत्रा गाडीला लावून बसलाय. तुम्ही भिंतीत बसा. मग मी गाडीतच राहायला येतो." ती हसली. पुन्हा तिनं विचारलं नाही.

पाड्यावरचं शेवटचं घर झालं, आणि मग माझ्याकडे बहाणा उरला नाही. मुलगी दुसऱ्या दिवशी येणार होती. मी ठरवलं, एकट्यानंच विणू. आत-बाहेर धावत राहिलो तर गुडघे जातील, म्हणून सगळ्या कामट्या आत नेल्या आणि आतच बसलो. टोक फटीतून बाहेर ढकलायचं, पुढच्या फटीतून बोटं घालून पकडायचं, आत ओढायचं. दुसऱ्या पहाटेपासून भिंतीला भिंत जोडत गोल फिरत राहिलो. हात असा बसला की मी गाणंही म्हटलं. भिंत खांद्याला आली तेव्हा पाणी प्यायला उठलो. हंडा बाहेर होता.

चारही बाजू फिरून पाहिल्या. अखंड भिंत. आयुष्यात इतकी एकसारखी वीण माझ्या हातून झाली नव्हती. कोयता बाहेर बांबूच्या ढिगावर. वरून चढून जावं म्हणून पाय टाकला, तर गुडघ्यानं नकार दिला आणि धोतर कामटीत अडकलं. ते सोडवून मी खाली बसलो. सकाळपासून कोणी "दार" म्हटलं नव्हतं, एवढं लक्षात आलं, आणि मग गाणं काही सुचलं नाही.

दुपारच्या बसनं मुलगी आली. तिची चाहूल घराभोवती एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली. मग आवाज आला, "आबा, दार कोठे शे?"

"विणायचं राहिलं," मी म्हणालो.

ती हसेल असं वाटलं होतं. ती भिंतीला टेकली, आणि फटीतून तिच्या साडीचा रंग दिसला. धुळ्याला गेल्यापासून ती रागावली की शाळेसारखं बोलते. "तुम्ही कोणाला बोलावलं का नाही?"

"आत कोणाला बसवणार?"

"आत तुम्ही आहात ना. घरातला माणूस आत बसलाय. बाहेर कोणीही चालतो."

महिनाभर मी आतल्या माणसाची जागा रिकामी म्हणून मोजत होतो, आणि सकाळपासून तिथंच बसलो होतो.

तिनं कोयता घेऊन दार कापलं, आईनं ठेवलं होतं त्याच जागी नाही, जरा रस्त्याकडे. मग हंड्यातून पाणी दिलं, पदर खोचला आणि उरलेली वरची वीण बाहेरून धरली. लहानपणी शिकलेलं थोडं विसरली होती. चुकली की मी आतून ओरडायचो, ती बाहेरून. हळूहळू अक्काही आली, मग अक्काचा नवरा, आणि ऊन उतरायच्या आत भिंती पुऱ्या झाल्या. लिंपायला उद्या सगळे येणार होते.

मुलीनं हात धुतले. म्हणाली, "झाल्या भिंती." बोलल्याप्रमाणे विषय काढला नाही.

मी तिला फाट्यावर सोडायला गेलो. बस दिसायला लागली तेव्हा ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "पलंग घेतला होता तुमच्यासाठी."

मला थट्टा करायची होती. "किती लांब?" मी विचारलं. पण ते अगदी खरंच विचारल्यासारखं निघालं.

"तुमच्या उंचीचा," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.