दादाच्या पुतळ्याचे हात

माझं माहेर म्हणजे गावाच्या फाट्यावरचा एक पुतळा. आई-वडील गेले, घर पडलं, ऊस चुलत्यांकडं. राहिला थोरला भाऊ. तो फौजेत होता, सीमेवर गेला आणि तिरंग्यातून परत आला. आता फाट्यावर चौथऱ्यावर असतो.

दर राखीपौर्णिमेला मी माधवनगरला पॅसेंजर धरते, लोणंदला उतरते आणि पुढं वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये अंग चोरून बसते. नवरा म्हणतो, "दगडाला कसली राखी बांधतीस?" मी म्हणते, "तुमच्या बहिणीला नाही का, चालताबोलता दगड मिळाला!" मग तो चहाचा कप उचलतो.

पण एक गोम होती. पुतळ्याला हातच नव्हते. गावानं मोठ्या हौसेनं बसवला, पण छातीपर्यंतचा. टोपी, मिशा, पदकं, आणि खाली थेट चौथरा. अनावरणाला मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, शाल दिली होती. पडदा सरकला, जयजयकार सुरू झाला आणि मी मोठ्यानं बोलून गेले, "आवं, ह्येचं हात कुठं हायती?" कुणीतरी म्हणालं, "सोसंना तिला," आणि मला पाणी पाजलं. सोसत नव्हतंच, पण मी काही भ्रमात नव्हतं विचारलं. गावातल्या एका तरी बाईला आधी विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं की बहीण येणार, तिला मनगट लागणार. बाप्यांच्या मीटिंगमध्ये मनगट कुणाला सुचतंय!

मग मी राखी चौथऱ्याभोवतीच्या रेलिंगला बांधायला लागले. ओवाळायचं, पेढा ठेवायचा, परतीची जीप धरायची. पंधरा ऑगस्टला तिथं शाळा येते, बँड येतो, भाषणं होतात. राखीला मी एकटीच. चहाच्या टपरीवरची माणसं मला संकोच नको म्हणून पाठ करून बसतात. चांगली माणसं आहेत, पण त्या पाठी बघून जास्तच एकटं वाटतं. गाडीत माधवनगरपर्यंत एकच घोकत यायचे, हात असते तर. हात असते तर राखी त्याला पोचली असती.

सरपंचांना म्हणून म्हणून तोंड दुखलं. ते म्हणायचे, "ताई, सगळीकडं छातीपत्तुरच करत्यात." मी म्हणायचे, "सगळीकडच्या बहिणी मुक्या असतील." गावात त्यामुळं माझं नाव फटकळ पडलं. पडू दे. शेवटी सुट्टीवर आलेल्या फौजी पोरांनी मनावर घेतलं आणि यंदा फोन आला, "आक्का, उभा पुतळा बसवला. हात लय झ्याक झाल्यात. या." मी रात्रभर जागी होते. लांब दोऱ्याची राखी शोधून आणली, मनगट जाड असणार म्हणून.

पोरांनी स्टूल आणून ठेवलं होतं आणि शहाण्यासारखी लांब जाऊन उभी राहिली होती. पुतळा सलामी देत होता. मी स्टुलावर चढले. बोटं, नखं, मनगटाचं हाड, सगळं कसं हुबेहूब. उन्हानं धातू तापला होता, अगदी माणसाच्या हातासारखा. मी राखी बांधली, गाठीवर गाठ मारली.

राखी बांधून झाली की दादा मूठ आवळून बघायचा. "बांधलीस का नुसती गुंडाळलीस गं?" म्हणायचा आणि माझी वेणी ओढायचा. दर वर्षी. लग्नानंतरसुद्धा, नवऱ्यादेखत.

मी स्टुलावर उभी राहिले. वाट बघत होते. खोटं कशाला सांगू, डोकं थोडं पुढं केलं होतं.

खालून एक पोरगा म्हणाला, "झालं का आक्का?"

हात नव्हते तोवर मला वाटायचं, एवढी एक हातांचीच खोट आहे. आता गावानं सगळा माणूस उभा केला होता. आणि माझा दादा मेलाय, हे मला इतक्या वर्षांनी त्या स्टुलावर कळलं.