बारशापुरतं नेट

बऱ्हाणपूरच्या स्टेशनावर गाडी हलली तेव्हा माय पदराला डोळे पुसत होती, आणि बाबा खिडकीचा गज धरून चालता चालता ओरडत होते, "पोरी, खोली पाहण्याआधी टॉवर पाहजो!" जर्मनीला निघालेल्या लेकीला बापानं करायचा हा उपदेश का? पण आमचं तुकईथड पडलं हद्दीवरचं. एके काळी मागच्या अंगणात गेलं की फोन महाराष्ट्राचा टॉवर पकडायचा, आणि आलेल्या फोनलाही रोमिंगचे पैसे कापले जायचे. घंटी वाजली रे वाजली की बाबा लुंगी सावरत पुढच्या ओट्यावर, म्हणजे मध्य प्रदेशात, पळायचे. गाव हसायचं. मीही हसायचे.

इथे आले आणि हसू जिरलं. मला वाटलं होतं, एवढा पुढारलेला देश, नेट नळाला येत असेल. कसलं काय! स्वस्त कंपनीचं सिम घेतलं तर माझ्या तळघरातल्या खोलीत रेंजचा पत्ता नाही. रेंज होती त्या कंपनीचा करार दोन वर्षांचा, आणि तो मोडायचा तर आधी पत्र पाठवून कळवायचं. माझ्या जर्मनमधले पहिले पक्के शब्द 'फेरट्राग' आणि 'क्युंडिगुंग', म्हणजे करार आणि करार मोडणं. नमस्कार-चमत्कार नंतर आले. तिसरी कंपनी म्हणाली, आमचा डेटा अमर्याद. बारीक अक्षरं वाचली तर तीन जीबीनंतर वेग बैलगाडीचा, नाहीतर जादा पैसे मोजा. तुकईथडचा आमचा दूधवाला म्हशी धुताना दिवसाला दीड जीबी उडवतो, आणि मी इंजिनीअर बाई महिनाभर चाटूनपुसून पुरवणार! महिनाभर खल करून शेवटी स्वस्तातलंच सिम ठेवलं आणि घरी बोलायला, रेंज मिळायची त्या बसथांब्यावर जाऊ लागले. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत, त्यांना हा बसथांबा ओळखीचा असेल.

त्यातच भावाला लेक झाली. नाव आत्यानं ठेवायचं, आणि सख्खी आत्या मी एकटीच. पण नोकरी नवी, सुट्टी मिळेना. माय फोनवर सहज म्हणाली, "तुला नाही जमत तर सुनंदा ठेवल नं. तीपण आत्याच हाय." सुनंदा माझी चुलत बहीण, डोईफोडियाला दिलेली. तिनं कुठल्याशा सिरियलमधल्या सुनेचं नाव काढूनही ठेवलं होतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी खाट गेली, माझ्या कपाटात वहिनीच्या साड्या गेल्या, त्याचं काही नाही. पण त्या घरात माझं एक तरी काम माझ्यासाठी अडून राहावं, असं मला फार वाटत होतं. मी निक्षून सांगितलं, व्हिडिओ कॉलवरून नाव मीच ठेवणार.

"तू फिकर नको करू," माय म्हणाली. "मी आठ दिवसांपासून फोनला हात नाही लावला. सगळं नेट जमा करून ठेवलंय." दिवसाचं नेट त्या दिवशीच मरतं, हे तिला कसं समजवायचं? ते काय तूप आहे, कढवून बरणीत भरायला?

बारशाच्या दिवशी मी साडीवर जाडजूड कोट चढवून बसथांब्यावर उभी. तिकडे रेंजसाठी पाळणा पुढच्या ओट्यावर टांगलेला. फोन लागला आणि नाव राहिलं बाजूला, बायकांनी मलाच पाहून घेतलं. "दुबळी झाली व!" "अन् मागं काय हाय ते?" बसथांबा, मी म्हटलं. "काऊन, घर नाही भेटलं का तुले?" असं करता करता माझाच डेटा संपला. मायनं जमवलेलं शाबूत, आणि इकडे माझं दिवाळं! मामीचं घुगऱ्यांनी भरलेलं तोंड पडद्यावर उघडं ते उघडंच राहिलं.

मग काय, लावला साधा फोन. मिनिटाचा दर विचारू नका. उचलला नेमका सुनंदानं.

"आवाज नाही येऊन राहिला व," ती म्हणाली. "मीच ठेवून टाकते नाव."

"सुनंदे, खबरदार! फोन पोरीच्या कानाला लाव."

पलीकडे बांगड्या वाजल्या. मग अगदी जवळून इवलासा श्वास ऐकू आला, आणि मी जीव एकवटून म्हटलं, "कुर्रर्र... तापी." थांब्यावर शेजारी उभ्या म्हातारीनं आपला कुत्रा जवळ ओढून घेतला.

आणि धप्प! धप्प! आमच्याकडे आत्या पाळण्यात वाकली की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. वाकलेली होती सुनंदा. ती किंचाळली, "अरे माय! नाव ठेवलं तिनं अन् मार मले?" ओटाभर हशा उसळला. मी हसता हसता रडायलाच लागले. नाव माझंच लागलं होतं, हट्ट पुरा झाला होता, आणि मला हेवा वाटत होता सुनंदाच्या पाठीचा. इथली माणसं भली आहेत. चुकून कोपर लागलं तरी दोनदा माफी मागतात. पण मला न विचारता जिथे माझ्या पाठीत धपाटा बसतो, तेच माझं घर, हे मला त्या थांब्यावर कळलं.

मायनं फोन हिसकावून घेतला. "ठेव आता बेटा, पैसे जाऊन राहिले."

"जाऊ दे," मी म्हटलं. "आधी सुनंदाला अजून एक घाल. माझ्या नावाचा."

धप्प.