मावशीची लेक

माझी धाकटी मावशी दारू प्यायची. आमच्या नात्यात पिणारे पुरुष पुष्कळ होते, त्यांच्याबद्दल कोणी फारसं बोलत नसे. पिणारी बाई मात्र ही एकच, त्यामुळे सगळ्या घराण्याची लाज तिच्या एकटीच्या नावावर जमा झाली होती.

आईचं माहेर उरणकडच्या कोळीवाड्यातलं. आई लग्न होऊन नवीन पनवेलला दोन खोल्यांच्या घरात आली, मावशीला गावातच दिली. तिचा नवरा ट्रेलर चालवायचा. जासईच्या रस्त्यावर अपघातात तो गेला. आधी ती त्याच्या सोबतीनं थोडी घ्यायची, मग एकटी घ्यायला लागली. मासळीची पाटी घेऊन निघायची आणि पाटी कुठे राहिली ते तिला आठवायचं नाही. मामानं तिला घरात घेणं बंद केलं. लग्नाच्या पत्रिका तिचं दार टाळून पुढे जायच्या.

दोन हजार चारच्या सुमाराला आई माहेरी गेली होती. मावशीची मुलगी, जेमतेम चार वर्षांची, ओट्यावर एकटीच बसून कोरडी सुकट चावत होती. मावशी आत पडलेली. आईनं मुलीचे दोन फ्रॉक पिशवीत भरले, तिला कडेवर घेतलं आणि सरळ एसटीत बसली. पुढे आठवडा गेला तरी मावशी विचारायला आली नाही. आई ही गोष्ट ज्याला त्याला सांगायची आणि सांगताना दर वेळी तिचा आवाज चढायचा.

मुलगी माझ्या शेजारी झोपायची. महिन्याभरात ती आईला आई म्हणू लागली. मी मावशी म्हणायचे म्हणून तीही स्वतःच्या आईला मावशीच म्हणायची. तिच्यापासून काही लपवलेलं नव्हतं. फक्त तो विषय कोणी काढत नसे.

पाचेक वर्षांनी एका रविवारी सकाळी मावशी दारात उभी राहिली. वाळून अर्धी झाली होती. हातात साफ केलेल्या सुरमईची पिशवी. मधल्या काळात ती काविळीनं सरकारी दवाखान्यात पडली होती. तिथल्या एका सिस्टरनं तिला दारू सोडलेल्यांच्या सभेला जायला सांगितलं. पनवेलमध्ये एका शाळेच्या वर्गात ती सभा भरायची. सगळे पुरुष, ही एकटी बाई. सुरुवातीला ती नुसती बाकावर बसून रडायची, असं तिनं मला नंतर सांगितलं. दिवसा ती पनवेलच्या मासळी बाजारात गिऱ्हाइकांना मासे कापून द्यायची आणि बाजारामागेच एका खोलीत भाड्यानं राहायची.

आईनं पिशवी घेतली नाही. पुढे होऊन तिनं मावशीला मिठी मारली. मला वाटलं, मिटलं सगळं. पण आई तिच्या तोंडाचा वास घेत होती. मावशीच्या ते लक्षात आलं. ती आईला बाय म्हणायची.

"घे बाय, नीट वास घे," ती म्हणाली. "रोज घेतलास तरी चालंल."

त्यानंतर ती दर रविवारी यायची. दाराजवळच्या स्टुलावर बसायची, चहा प्यायची, मुलीकडे बघायची आणि निघून जायची. एकदा तिनं नारळी पौर्णिमेला मुलीला गावी नेऊ का म्हणून विचारलं. आई नाही म्हणाली. मावशीनं पुन्हा विचारलं नाही. बाबा आईला समजावत, की बाई सुधारलीय, जरा मऊ हो. आई म्हणे, सुधारलीय ते चांगलंच आहे, पण पोरीच्या तापात रात्र रात्र मी जागले.

दहावीच्या वर्षी मुलगी क्लासमधून येताना परस्पर मासळी बाजारात जाऊ लागली. मावशी तिला हाकलायची, कपड्यांना वास येईल म्हणायची. ती तरीही कापायच्या पाटाशेजारी बसायची. परीक्षा संपली आणि जेवताना तिनं सांगितलं, की ती मावशीकडे राहायला जाणार आहे.

आईनं घास खाली ठेवला. "आणि ती परत प्यायली तर?"

"तेव्हा तिथं कुणीतरी पाहिजे ना."

पुढच्या रविवारी मावशी आली तेव्हा आईच्या तोंडून एकदम माहेरची बोली बाहेर पडली. मी वाढवली आणि तू आयती नेतेस, असं बरंच काही ती बोलली.

"मी नाय बोलवली तिला, बाय," एवढंच मावशी म्हणाली. "मलाच भ्या वाटतं."

तिचं भय खोटं नव्हतं. त्याच वर्षी, नवरा गेला त्या तिथीला, मावशी प्यायली. मुलीनं मला फोन केला. मी बाजारामागच्या त्या खोलीवर गेले तर मुलगी मावशीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि रडत नव्हती. सोळा वर्षांच्या पोरीचा तो शांतपणा मला सहन झाला नाही. आईला सांगू नकोस, एवढंच तिनं मागितलं. मी सांगितलं नाही. मावशी दुसऱ्या दिवशी सभेला गेली आणि न प्यायलेले दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. त्यानंतर मात्र ती प्यायली नाही.

हळूहळू नातेवाईक तिला बोलवायला लागले. मामानं मुलाच्या हळदीला तिला पुढे बसवलं आणि पिणाऱ्या पुरुषांना तिचं उदाहरण दिलं. आई त्या हळदीत मागच्या रांगेत होती. त्या रविवारपासून बहिणीशी बोलत नाही म्हणून बायका आता तिलाच नावं ठेवत होत्या. पोर वाढवल्याचं कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

मुलगी पुढे जासईला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कामाला लागली. तिथेच एका मुलाशी तिचं जमलं. लग्नाची बोलणी करायला तुमच्याकडून कोण येणार, असं मुलाकडच्यांनी विचारलं तेव्हा तिनं माझ्या दोन्ही आया येतील म्हणून कळवलं. आई आधी नाही म्हणाली. मग जायच्या दिवशी सकाळी नेसून तयार झाली.

आम्ही तिघी रिक्षानं मुलाच्या घरी निघालो. मी मध्ये, त्या दोघी दोन बाजूंना. गव्हाण फाटा गेला. पुढे रस्ता खड्ड्यांचा लागला तशी मावशी पुढे वाकली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "हळू घे दादा. माज्या बायला गाडी लागते."

आई बाहेर ट्रेलरच्या रांगेकडे बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, एक घोट घेतला आणि ती माझ्या हातात दिली. मी ती मावशीकडे दिली.